बेल वाजली की लेक विचारते, "बाळ आलं?"

निळी_छत्री
बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होते. आज लेक दुपारची चक्क झोपली आहे, तेवढ्यात लिहून टाकते. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा.

घरात आम्ही दोघं आणि अडीच वर्षांची लेक. इथे तिला चिमणी म्हणू, प्रत्यक्षात ती बुलडोझर आहे. दुसरं बाळ दत्तक घ्यायचं ठरवलं. अर्ज, दाखले, वैद्यकीय तपासण्या, घरभेट सगळं पार पडलं आणि गेले चौदा महिने आम्ही यादीत आहोत. दत्तकच का, हे कृपया विचारू नका. कारण आहे, आणि ते सांगून सांगून घसा बसलाय.

माझा प्रश्न वेगळाच आहे. आठ महिन्यांपूर्वी संस्थेतून फोन आला, "आता फार दिवस नाहीत." त्या आनंदात आम्ही चिमणीला सांगून बसलो की आपल्याकडे बाळ येणार. पावणेदोन वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असं वाटलं होतं. तिला बरोबर कळलं. तेव्हापासून दाराची बेल वाजली की हातातलं टाकून पळते. परवा कुरियरवाला आला. त्याच्या पाठीवरच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारते, "बाळ आलं?" तो बिचारा गोंधळला. म्हणाला, "नाही बेटा, चार्जर आलाय."

आमच्या खोलीत कॉट लावून ठेवलाय, चादरीसकट. रोज ती आपली सगळी अस्वलं त्यात निजवते, पांघरूण घालते आणि मलाच "श्श्" करते. काल कपड्यांच्या घड्या करताना मागे वळून बघते तर स्वतःच आत चढलेली. गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. म्हणाली, "मी बाळ. मी आले."

हसले, तिला उचलून घेतलं, आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

शिवाय घरातलं सगळंच "बाळ आलं की बघू"वर अडलंय. तिचा वेगळा पलंग, डायपर सोडवणं, चार दिवस कुठे जाऊन येणं. फोन सायलेंटवर टाकायची भीती वाटते. तिला गोष्ट सांगताना निम्मं लक्ष फोनकडे. ती एकटी असण्याचे हे शेवटचे दिवस असतील कदाचित, आणि ते मी दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघण्यात घालवतेय. कुणी यातून गेलंय का?

मुक्काम_पोस्ट
प्रश्न विचारू नका म्हणालात तरी विचारतो. एक मूल सुखरूप पदरात असताना हा उपद्व्याप कशाला? ज्यांना एकही नाही त्यांना आधी मिळू द्या की.

घड्याळ_मागे
मुक्काम_पोस्ट, धाग्याचा विषय तो नाही. नवीन धागा काढा, तिथे भांडू.

छत्री, आमचा लेक पोटचा, आता नऊ वर्षांचा. लेक दत्तक, सहा वर्षांची. ती पाच महिन्यांची असताना घरी आली. त्याआधी आम्ही दोन वर्षं यादीत होतो, आणि तुम्ही केलीत तीच चूक आम्हीही केली. फरक इतकाच, की आमच्याकडे बेलऐवजी गाडी होती. सोसायटीत कुठलीही गाडी शिरली की हा गॅलरीत.

या वयाच्या मुलांना "नंतर" नावाची गोष्ट नसतेच. माझा लेक जे आत्ता नाही त्या सगळ्याला "काल" म्हणायचा. "काल मी मोठा होणार आहे." पोट दिसत असतं तर पोटच कॅलेंडर झालं असतं, ते वाढताना मुलाला दिसतं, हात लावून बघता येतं. दत्तकात दाखवण्यासारखं काहीच नसतं. मग मूल स्वतःच खूण शोधतं. चिमणीने बेल शोधली. हुशार आहे पोरगी.

आम्ही मग सांगणं दुरुस्त केलं. "बाळ येणार" हे मागे घेतलं नाही, कारण मागे घेतलं की खोटं ठरतो. फक्त म्हणालो, "बाळ बेल वाजवून येत नाही. बाळाला आणायला आपण जाणार, तू, मी आणि बाबा. जायचं ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू." एकदा सांगून भागलं नाही, तीन आठवडे रोज सांगितलं. पण गाडीचं वेड सुटलं. वाट बघण्याचं काम त्याच्याकडून काढून आम्ही आमच्याकडे घेतलं, एवढंच.

आणि तो कॉट उद्याच्या उद्या उचला. सुट्टा करून माळ्यावर टाका. तान्हं बाळ घरी आलं की पुन्हा जोडायला अर्धा तास पुरतो. स्क्रू तेवढे पिशवीत घालून कॉटलाच बांधून ठेवा. आमचे हरवले होते.

निळी_छत्री
"आणायला आपण जाणार"... हे मला कसं सुचलं नाही! आज रात्रीपासून सुरू. कॉटचं मात्र होत नाहीये हो. तो उचलला तर मी आशा सोडली असं होईल.

चष्मिष्ट
मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते, पण कॉटवरून लिहावंसं वाटलं. मी दत्तक आहे. वय एकतीस. मोठी बहीण आईच्या पोटची, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिच्याकडून ऐकलंय, की मी यायच्या आधी वर्षभर घरात एक कपाट होतं, त्याला हात लावायचा नाही. आत माझे कपडे. ती आजही म्हणते, "तू यायच्या आधीच मला तुझा राग यायचा, कारण त्या कपाटाला कुलूप होतं." प्रेमाने केलेल्या गोष्टीचं हे असं होतं. काकू, आशा तुमच्याजवळ राहू द्या. कॉट माळ्यावर गेला म्हणून बाळाला काही कळणार नाही, चिमणीला मात्र कळेल.

मुक्काम_पोस्ट यांना: मी कुणाचा नंबर लावून आले नव्हते, आणि मी बक्षीसही नव्हते, की ज्याला आधी गरज त्याला द्यावं. घर मुलासाठी शोधतात, मूल घरासाठी नाही.

आणखी एक. चिमणीला बाळ "आणणार" म्हणाल तेव्हा कुठून, हेही पहिल्यापासून खरं सांगा. "ते दुसऱ्या एका बाईच्या पोटात होतं. तिला त्याला सांभाळता येत नाही, म्हणून ते आपल्याकडे राहणार." एवढं या वयाला पुरे. दुकान, देवाघरचा पत्ता वगैरे नको. माझ्या बहिणीला सांगितलं होतं की मला हॉस्पिटलच्या खिडकीतून निवडलं. ती पुढे कित्येक वर्षं मला "तुला परत खिडकीत ठेवू" म्हणायची. भांडणात हे अस्त्र फार जोरात चालतं, विचारू नका.

घड्याळ_मागे
चष्मिष्ट, खिडकी वाचून काटा आला.

खरं सांगण्यावरून आठवलं. आमची लेक चार वर्षांची असताना पाहुण्यांना ठणकावून सांगायची, "मी दत्तक आहे!" आम्हाला वाटलं, झालं, हिला कळलं. नव्हतं कळलं. ब्रोडझिन्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात मुलांशी बोलून हेच पाहिलं होतं. चार-पाच वर्षांची मुलं शब्द छान म्हणतात, पण कुणीतरी आपल्याला जन्म देऊन दूर केलं, हा त्यातला दुसरा अर्थ सहा ते आठच्या सुमाराला उलगडायला लागतो. आमच्याकडे तो आत्ता उलगडतोय. परवा मला विचारलं, "तिला माझा आवाज आवडला नाही का?" मी हातातलं काम बाजूला ठेवलं. उत्तर काय दिलं ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे.

दुपारची_डुलकी
आम्हीही यादीत आहोत, घरात तीन वर्षांचा मुलगा. दोघांना एकत्र खेळता यावं म्हणून त्याच्याच वयाचं मूल मागावं असं सासूबाईंचं म्हणणं. कुणी केलंय का?

आणि थोडं अवांतर: दत्तक बाळाला अंगावर पाजता येतं असं ऐकलं. खरं का?

थर्मामीटर
मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी न करता औषध सांगत नाही, पण एवढं लिहितो.

डुलकी, एकाच वयाची दोन मुलं, म्हणजे साधारण नऊ महिन्यांच्या आतलं अंतर, याला "कृत्रिम जुळे" असंच म्हणतात. खऱ्या जुळ्यांचं पोटापासूनचं नातं असतं, इथे ते नसतं. उलट दिवसभर तुलना. कोण आधी बोललं, कोण अजून डायपरमध्ये. नवीन मूल घरातल्या मुलापेक्षा लहान असावं, असा आग्रह संस्था धरतात तो उगाच नाही. मोठ्याचं मोठेपण त्याच्याकडेच राहतं.

अंगावर पाजणं गरोदर न राहताही शक्य आहे. पंपाने आधीपासून सवय लावावी लागते, काही वेळा औषधंही. पण बहुतेक वेळा दूध पूर्ण पोटभर येत नाही, बाटली सोबत लागतेच. आणि आधीपासून म्हणजे कधीपासून? बाळाची तारीखच माहीत नसते. जमलं तर छान, नाही जमलं तर अपराधी वाटून घेऊ नका.

आता छत्रीताईंसाठी. बाळ येईल तेव्हा ते कोरी पाटी म्हणून येणार नाही. १९८० मध्ये डिकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांवर प्रयोग केला होता. चोखणीवर चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू येईल अशी सोय केली, तर बाळं आईच्या आवाजासाठी लय बदलायची. म्हणजे जन्मदात्या आईचा आवाज, संस्थेतल्या मावशींचा वास, तिथला गोंगाट, सगळं मागे टाकून ते तुमच्याकडे येणार. म्हणून ज्या दुपट्यात ते येईल ते दुपटं लगेच धुऊ नका. कितीही कळकट असो. चिमणीचं आवडतं, न धुतलेलं अस्वल जसं, तसंच ते.

दुसरं. बाळाच्या पाठीवर, ढुंगणावर निळे-करडे डाग दिसले तर घाबरून मार समजू नका. ते जन्मतः असतात, बहुतेकांचे काही वर्षांत पुसट होतात. पण पहिल्याच तपासणीत नोंद करून घ्या. लसींच्या नोंदीची मूळ प्रत मागा.

पहिल्या काही आठवड्यांत घेणं, भरवणं, झोपवणं शक्यतो आईवडिलांनीच करावं, पाहुण्यांनी लांबून बघावं, हा सल्ला मी देतो. बाळाला "माझी माणसं कोणती" हे कळायला ते बरं.

घड्याळ_मागे
डॉक्टर, सल्ला बरोबर, पण घरात तीन वर्षांचा असेल तर तो कागदावरच राहतो. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी लेकाने बाळाच्या तोंडात आपली चोखणी घातली, त्याआधी स्वतः चाटून. त्याला लांब ठेवलं असतं तर त्याने दुसरा मार्ग काढला असता. आम्ही त्याला एक काम दिलं, डायपर आणून देणं. रात्री दोनला झोपेतून उठून आणायचा. आणि रोज अर्धा तास, बाळ बाबाकडे, मी त्याच्याकडे, खोलीचं दार बंद. त्या अर्ध्या तासात त्याने स्वतः बाटली मागितली, मी दिली. मांडीवर आडवं होऊन प्यायला. आठवडाभरात कंटाळला.

थर्मामीटर
मान्य. बाटली दिलीत हे बरंच केलंत. नाही म्हटलं असतं तर ते महिनाभर चाललं असतं.

एक गोष्ट राहिली, मनात असते म्हणून लिहितो. बुखारेस्टमध्ये २००० च्या सुमाराला एक अभ्यास सुरू झाला. अनाथालयातली १३६ मुलं, निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुटुंबात ठेवलं. ज्यांना दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालं त्यांची जवळीक जोडण्याची ताकद जास्त सावरली. तुमच्यासारखे लोक तयार होऊन बसलेले आणि तिकडे मूल खाटेवर पडून, हे आठवलं की यादीचा मलाही राग येतो. पण कागद नीट तपासले गेलेच पाहिजेत, यावरही मी ठाम आहे. दोन्ही एकदम कसं, ते मला विचारू नका.

अर्धा_कप
बाबा लोकांपैकी कुणी नाही का इथे? बरं, मीच लिहितो.

आमचं जुळलं होतं. फोटो आला, चार आठवड्यांची मुलगी. आम्ही शहाणपणा करून फोटो लेकाला दाखवला. तो तीन वर्षांचा. त्याने नावही ठेवलं, "टुणटुण". अकराव्या दिवशी फोन आला, जन्मदात्या आईने मुदतीत निर्णय बदलला आणि बाळाला घेऊन गेली.

तिच्याबद्दल एक अक्षर वाईट बोलायचं नाही हे मी आणि बायकोने तेव्हाच ठरवलं. तो तिचा हक्क आहे. आईने संमती द्यायची ती बाळ जन्मल्यानंतरच, हे परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारातही स्पष्ट आहे, आणि विचार बदलायला मुदत बऱ्याच कायद्यांत असते. असायलाच हवी. हे डोक्याला कळतं. मी ऑफिसच्या जिन्यात बसून होतो तासभर.

लेकाला सांगितलं, "टुणटुणची आई तिच्याकडे आली. टुणटुण आता तिच्याकडेच राहणार." तो बराच वेळ गाडी फिरवत बसला. मग विचारलं, "मला न्यायला कोण येणार?"

त्याला उचललं, आतल्या खोलीत नेलं, झोपलेल्या बायकोला उठवलं आणि म्हणालो, "ही बघ. तुझी आई आलेलीच आहे." पुढचा महिनाभर तो रात्री उठून आम्ही आहोत का ते बघून जायचा. त्यामुळे छत्रीताई, फोटो आला तरी पोरीला दाखवू नका. कागदावर शेवटची सही होऊ दे. तोपर्यंत पोटात ठेवा, अगदीच असह्य झालं तर इथे येऊन लिहा.

आजी_ऑनलाइन
मोबाइलवरून लिहिते आहे, बोटं मोठी आहेत. अर्धा_कप, तुमचं वाचून डोळ्याला पदर लागला.

माझं एक सांगते. मोठी नात सुनेची, धाकटा नातू दत्तक. तो आल्यावर शेजारणीशी बोलताना माझ्या तोंडून निघून गेलं, "ही आमची, आणि हा आणलेला." वाईट हेतू नव्हता. नात तेव्हा तीन वर्षांची, माझ्या पायाशी खेळत होती. संध्याकाळी ती त्याला म्हणाली, "तू आणलेला आहेस, तुला माझा बॉल नाही." सून काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री मला झोप नाही. आता तो बारा वर्षांचा आहे आणि माझा फोन तोच दुरुस्त करून देतो. पण ते वाक्य मी अजून विसरले नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना आधी शिकवा, पोरं आमच्याकडूनच उचलतात.

मुक्काम_पोस्ट
आधीच्या माझ्या प्रतिसादाबद्दल माफी. वाचतोय.

निळी_छत्री
सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. अर्धा_कप यांच्यापाशी आम्ही दोघंही थांबलो.

मधल्या काळात थोडी गंमत, म्हणजे धागा फार जड व्हायला नको. घरभेटीला समाजसेविका आल्या होत्या त्या दिवशी मी घर असं लख्ख केलं होतं की आम्हीच पाहुणे वाटत होतो. चिमणीने त्यांचा चष्मा पळवला. चाळीस मिनिटं चौघं शोधतोय. मी मनात म्हणतेय, संपलं, गेली फाइल. शेवटी वॉशिंग मशीनमध्ये मिळाला. त्यांनी चष्मा पुसला, घातला, आणि विचारलं, "हिचं तुम्हाला सगळ्यात जड काय जातं?" मी खरं बोलून गेले, "संध्याकाळी सहा ते आठ." त्यांनी हसून काहीतरी लिहून घेतलं. औषधांचं कपाट किती उंचीवर आहे ते मात्र नीट पाहिलं, घराची सफाई कुणी पाहिली नाही.

निळी_छत्री
(सात आठवड्यांनी) धागा वर काढते. बातमी नाही, आधीच सांगून टाकते.

कॉट सुटा केला. नवऱ्याने स्क्रू पिशवीत घातले, पिशवी दांडीला बांधली, वर चिकटपट्टीवर "कॉटचे" असं लिहिलं. माळ्यावर चढवताना चिमणी खालून सूचना देत होती. कॉटच्या जागी तिचा पलंग आला. पहिल्या रात्री दोनदा पडली. खाली गादी होती. अस्वलं आता तिच्या पलंगावर झोपतात आणि ती कडेला लोंबकळते.

डायपर दिवसाचा सुटला. चार दिवस बाहेरही जाऊन आलो. फोन बॅगेत होता, आवाज चालू, पण बॅगेत. दोनदा बघितला, खोटं कशाला बोलू. आठदा.

बेलचं म्हणाल तर, घड्याळ_मागे, तीन नाही, पाच आठवडे लागले. परवा बेल वाजली. ती उठली, दोन पावलं गेली, थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आपण जाणार." मग बसून पुन्हा ठोकळे लावायला लागली. दार मी उघडलं, पुन्हा कुरियर. बल्ब.

एवढं लिहितेय तोवर फोन वाजला आणि छातीत धस्स झालं. संस्थेचा नव्हता, पाळणाघराचा होता. चिमणीने कुणाला तरी चावलंय. जाऊन येते.